ॲक्शन फिगरचा लष्करी गणवेश

ॲक्शन फिगरचा लष्करी गणवेश : सांधे हलणाऱ्या सैनिकी बाहुलीवर ठरावीक सैन्याचा, ठरावीक काळाचा पोशाख प्रमाणात उतरवण्याचे काम. संग्राहकांत रुळलेले प्रमाण १:६, म्हणजे सहा फुटी माणूस बारा इंचांचा. अमेरिकेत हॅस्ब्रो कंपनीने १९६४ साली ‘जी. आय. जो’ ही साडेअकरा इंची बाहुली आणली. १९६६ मध्ये ब्रिटनच्या पॅलिटॉयने तीच कल्पना ‘ॲक्शन मॅन’ या नावाने उचलली. दोन्ही खेळणी मुलांसाठी होती, त्यामुळे कपडे चटकन घालता-काढता येणे आधी आणि इतिहास नंतर. हाँगकाँगच्या ड्रॅगन कंपनीने १९९९ पासून दुसऱ्या महायुद्धातील सैनिक काढायला सुरुवात केली आणि खिशाची घडी, बटणांची संख्या मोजणारा ग्राहक वाढला.

तारीख : गणवेश ठरवताना पहिला प्रश्न ‘कोणते सैन्य?’ हा वाटतो, पण बहुतेक चुका महिन्यात होतात. नॉर्मंडीत जून १९४४ मध्ये उतरलेल्या अमेरिकी छत्रीधारी सैनिकाला तिरक्या खिशांचे एम-४२ जंपसूट लागते. तोच सैनिक सप्टेंबरमध्ये हॉलंडमध्ये उतरला तेव्हा त्याच्या अंगात गडद हिरवे एम-४३ जॅकेट होते. जर्मन शिरस्त्राणावरील तिरंगी ढाल १९४० च्या आदेशाने गेली आणि गरुड १९४३ च्या आदेशाने. ब्रह्मदेशात १९४२ मध्ये माघार घेणारा भारतीय शिपाई खाकीत होता, १९४४ मध्ये जंगल ग्रीनमध्ये. मार्च १९४४ मध्ये मणिपुरातील सांगशाकला लढलेल्या चौथ्या मराठा पलटणीच्या जवानाच्या छातीवर बर्मा स्टारची फीत लावलेली आढळली, तर ती काढून टाकावी. ते पदक १९४५ मध्ये स्थापन झाले. इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे नाईक यशवंत घाडगे जुलै १९४४ मध्ये लढले, तेव्हा उन्हाळी खाकी ड्रिल योग्य. त्याच आघाडीवर डिसेंबरच्या ॲपेनाइन डोंगरातला जवान दाखवायचा असेल, तर लोकरी बॅटलड्रेस हवा. भारतीय सेनेचा ठिपकेदार डिजिटल नमुना १५ जानेवारी २०२२ रोजी प्रथम दिसला आणि त्याचा शर्ट पँटीत खोचत नाहीत. कारगिलच्या जवानाला तो चढवणे म्हणजे सरळ चूक.

सोलापूरचा नमुना : डॉ. द्वारकानाथ कोटणीस (जन्म १९१०, सोलापूर) यांची आकृती करताना हे सगळे प्रश्न एकत्र येतात. ते १९३८ मध्ये वैद्यकीय पथकासह चीनला गेले, १९३९ च्या आरंभी कम्युनिस्टांचे केंद्र असलेल्या येनानला पोचले, नंतर चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेत शल्यचिकित्सक झाले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी चीनमध्येच वारले. हौशी आकृतीत हमखास दिसणारी चूक म्हणजे टोपीवरचा लाल तारा. १९३७ मध्ये चिनी कम्युनिस्टांच्या लाल सेनेचे रूपांतर राष्ट्रीय क्रांतिकारी सेनेच्या आठव्या मार्ग सेनेत झाले तेव्हा लाल तारा उतरला आणि त्याजागी निळ्या आकाशातील पांढऱ्या सूर्याचे, तेव्हाच्या सत्ताधारी कुओमिंतांग पक्षाचे चिन्ह आले. डाव्या दंडावर ‘बालू’ (आठवा मार्ग) ही दोन चिनी अक्षरे असलेला लहान चौकोनी बिल्ला. पायांना गुडघ्यापर्यंत कापडी पट्ट्या, पायात कापडी बूट. गणवेशाचा रंग राखाडी-निळा; मात्र स्थानिक विणकर आणि रंगारी असल्याने छटा एकसारखी नसे. त्यामुळे कारखान्यातून आल्यासारखा एकरंगी सदरा इथे उलट खोटा दिसतो. एकाच थानातले दोन तुकडे वेगवेगळा वेळ रंगात बुडवून सदरा आणि पँट किंचित वेगळी ठेवावी. हिवाळी कोट कापूस भरलेला असतो. १:६ मध्ये खरा कापूस भरला की आकृती गुबगुबीत होते. दोन कापडांमध्ये फ्लॅनेलचा एकच थर देऊन टीप मारावी.

कापड आणि शिलाई : सोलापूर हे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यांचे गाव, पण त्यांचे ड्रिल आणि टेरीकॉट या कामाला जाड पडते. पोत प्रमाणात दिसत नाही: ड्रिलची तिरकी रेघ सहापट मोठी वाटते आणि सदरा गोणपाटाचा भासतो. चादर आणि टेरी टॉवेल तर सोडूनच द्यावेत. उपयोगी पडते ते ब्लाउजपीसचे टू-बाय-टू रुबिया, केंब्रिक आणि पातळ पॉपलिन. नवी पेठेतल्या मॅचिंगच्या दुकानांत रुबियाच्या खाकी, राखाडी, हिरव्या अशा कितीतरी छटा मिळतात. छटा निवडताना मूळ गणवेशापेक्षा एक पायरी फिकी घ्यावी, कारण लहान वस्तू अधिक गडद भासते. कापड आधी धुवून आटवावे; नाहीतर नंतर चहाच्या पाण्यात मळकट रंग देताना बाह्या आखडतात.

मापे सहाने भागावीत. छाती ९६ सेंमी असेल तर १६ सेंमी, आणि कापडाची जाडी माप खाते म्हणून वर ५-६ मिमी सैल. शिलाईची जागा भागाकाराने २ ते ३ मिमी येते, तेवढ्यावर धागे सुटतात. ४ मिमी ठेवून कडांना पातळ डिंक लावावा. यंत्राला ६० किंवा ७० नंबरची सुई, टाका दीड मिमीच्या आत. ओव्हरलॉक टाळावे, आतली शिलाई दोरखंडासारखी फुगते. खिशावरची बॉक्स प्लीट खरी घातली तर प्लीटचे तीन थर आणि फ्लॅपचे दोन मिळून छातीवर उंचवटा येतो, म्हणून घडी फक्त टिपेने सुचवावी. १८ मिमीचे बटण इथे ३ मिमीचे. काज करू नयेत. बटण वर शिवून खाली बारीक टिचबटण लावावे. व्हेल्क्रोने पुढचा भाग उघडा पडतो आणि काढताना कापड ओरबाडते.

१९३७ नमुन्याच्या ब्रिटिश पट्ट्याची रुंदी सव्वादोन इंच, म्हणजे सुमारे साडेनऊ मिमी. १० मिमीची सुती टेप चालते. जर्मन पट्टा ४५ मिमी, म्हणून साडेसात. दंडावरचे डिव्हिजनचे चिन्ह, उदाहरणार्थ चौथ्या भारतीय डिव्हिजनचा लाल गरुड, संगणकी भरतकामावर द्यायचा मोह होतो. पाच सेंमीचे चिन्ह इथे आठ मिमी उरते आणि भरतकामाचा धागा तेवढ्या जागेत नुसता गोळा होतो. पातळ कापडावर छापून, कडा कापून चिकटवलेले चिन्ह कितीतरी बरे.

देह : गणवेश अचूक आणि सैनिक चुकीचा, हे फार होते. बाजारातले बहुतेक देह, म्हणजे कपड्यांखालच्या बाहुल्या, सहा फुटी माणसाच्या प्रमाणातले, रुंद छातीचे. साडेपाच फुटी शिपाई अकरा इंचांचा असायला हवा. इंचभर उंची तशीच राहिली की रायफल, पिशव्या, पाण्याची बाटली खेळण्यातली दिसू लागतात. लहान चणीचा देह घ्यावा किंवा घोट्याचा आणि मांडीचा तुकडा बदलावा.

जतन : सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात, काचेच्या कपाटात मऊ विनाइलमधला तेलकट अंश वर येतो, चेहरा आणि बूट चिकट होतात. गडद निळे, काळे आणि तपकिरी कापड विनाइलवर रंग सोडते. कपड्याखाली पांढऱ्या मलमलीचा थर किंवा खाद्यपदार्थ गुंडाळायची पातळ फिल्म ठेवावी. डाग पडलाच तर बेंझॉइल पेरॉक्साइडचा मलम लावून उजेडात ठेवतात. मात्र त्याने डागाबरोबर मूळ रंगही फिका पडतो, म्हणून आधी न दिसणाऱ्या जागी पाहावे. सर्वांत आधी जाते ते कृत्रिम चामडे: दमट हवेने त्याचा पॉलियुरेथेनचा थर सुटतो आणि काही वर्षांत पट्ट्याचे पापुद्रे निघतात. त्यावर तेल किंवा पॉलिश चोळणाऱ्यांनी पैसे वाया घालवू नयेत. अर्धा ते पाऊण मिमीपर्यंत छिललेले खरे बकरीचे चामडे घेऊन पट्टा नव्याने कापावा, जुन्याची बकल तेवढी वापरावी.