चकाकी म्हणजे न दिसणारे ओरखडे

बुलेट मोटरसायकलच्या इंजिनाच्या ॲल्युमिनिअम कव्हरवर ब्रासो पॉलिश लावून कापड फिरवलं की दोन मिनिटांत कापड काळंकुट्ट होतं. घासणाऱ्याला वाटतं, मळ निघतोय. कापड बदलावं, पुन्हा घासावं, पुन्हा काळं. हे कुठवर चालेल? कव्हर झिजून संपेपर्यंत. पहिल्या हाताला थोडाफार मळ निघतो हे खरं, पण त्यानंतर कापडावर येतं ते ॲल्युमिनिअमच. अखंड धातू चकाकतो. त्याचेच अतिबारीक कण पॉलिशच्या तेलात मिसळले की प्रकाश त्यांच्यात शिरून कणाकणावर आपटत जिरतो आणि फारसा बाहेर येत नाही. म्हणून ते काळे दिसतात.

‘मळ काढला की आतली चकाकी उघडी पडते’ ही समजूत बहुधा देवघरातून आलेली आहे. तांब्याच्या तांब्यावर ऑक्साइडचा गडद थर चढतो, चिंचेतलं किंवा पितांबरीतलं आम्ल तो विरघळवतं आणि खालचं तांबं दिसतं. ॲल्युमिनिअमचा मामला निराळा आहे. त्यावरही ऑक्साइड असतो, हवेत उघडं पडल्याबरोबर तयार होतो, पण त्याची जाडी जेमतेम २ ते ४ नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) आणि तो चक्क पारदर्शक. नीलम आणि माणिक हेही मुळात ॲल्युमिनिअम ऑक्साइडच, रंग येतो तो किंचित भेसळीमुळे. तेव्हा हा थर चकाकी झाकत नाही, उलट धातूला सांभाळतो. कव्हर निस्तेज दिसतं ते खडबडीत पृष्ठभागामुळे, आणि ओल व खारी हवा लागून उठलेल्या पांढऱ्या बुरशीसारख्या डागांमुळे. दोन्हींवर चिंच चालत नाही.

मग चकाकी कशाने येते? प्रकाश परतवण्याचं काम धातूतले मोकळे इलेक्ट्रॉन करतात. ॲल्युमिनिअम दृश्य प्रकाशातला सुमारे ९० टक्के भाग परत पाठवतं, म्हणूनच मोठ्या दुर्बिणींच्या आरशांवर त्याचा पातळ मुलामा देतात. खडबडीत कव्हरही जवळजवळ तेवढाच प्रकाश परतवतं, फक्त वाटेल त्या दिशेला उधळून देतं. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर. समोरून बघताना पृष्ठभागावरचे उंचसखल भाग हिच्या एक-अष्टमांशाहून कमी, म्हणजे ७० नॅनोमीटरच्या आसपास किंवा त्याखाली आले, की प्रकाशाच्या लेखी तो पृष्ठभाग गुळगुळीत. हा ढोबळ निकष लॉर्ड रॅले यांच्या नावाने ओळखला जातो. तिरकं बघताना तो बराच सैल होतो. सहाशे नंबरच्या पॉलिश पेपरने घासलेलं, समोरून राखाडी दिसणारं कव्हर डोळ्यांच्या रेषेत आडवं धरून खिडकीकडे बघा, त्यात खिडकीची चौकट दिसू लागेल.

पॉलिश करताना धातूचं नेमकं काय होतं, यावर विज्ञानात बराच काळ वाद होता. न्यूटनने १७०४च्या ‘ऑप्टिक्स’मध्ये काचेबद्दल लिहिलं की पॉलिश म्हणजे मोठे ओरखडे घालवून त्या जागी इतके बारीक ओरखडे पाडणं, की ते दिसू नयेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जॉर्ज बील्बी या रसायनतज्ज्ञाने वेगळं मांडलं: घासताना वरचा थर द्रवासारखा वाहतो आणि खड्डे भरून काढतो. पुढे १९३७ मध्ये केंब्रिजच्या बोडेन आणि ह्यूज यांनी दाखवलं की काही बाबतींत कठीणपणापेक्षा वितळणबिंदू महत्त्वाचा ठरतो. कापरासारखा मऊ पदार्थसुद्धा कमी तापमानाला वितळणाऱ्या वुड्स मेटलला पॉलिश करू शकतो! कल्पना इतकी देखणी होती की कितीतरी पाठ्यपुस्तकांत जाऊन बसली. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर ऑस्ट्रेलियातल्या लेनर्ड सॅम्युएल्स यांनी धातूचे नमुने बारकाईने तपासले, तेव्हा नेहमीच्या पॉलिशमध्ये वाहिलेला थर नव्हे, तर सूक्ष्म कणांनी तासलेले चरच आढळले. न्यूटन बरोबर होता, निदान आपल्या कव्हरपुरता तरी.

सॅम्युएल्स यांच्या कामातली दुसरी गोष्ट गॅरेजमध्ये जास्त उपयोगी आहे. ओरखडा दिसतो तेवढ्यावर संपत नाही. त्याच्या तळाखालचा धातूही चेंगरलेला असतो, आणि हा दुखावलेला थर ओरखड्याच्या खोलीपेक्षा बराच खाली जातो. म्हणून कित्येकदा बफ (फिरतं कापडी चाक) मारून आरशासारखं दिसणारं कव्हर उन्हात नेलं की जुन्या रेघा भुतासारख्या वर येतात.

यावरचा उपाय कंटाळवाणा आहे: जाड पेपरपासून बारीक पेपरकडे एकेक पायरीने जायचं. २२० नंबरच्या पेपरचे कण सुमारे ६८ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), ४००चे ३५, १०००चे १८ आणि २०००चे १० मायक्रॉनच्या आसपास. मधली पायरी गाळली तर बारीक कणांना खोल चर घालवता येत नाहीत, ते फक्त त्यांच्या कडा गोल करतात. प्रत्येक नंबरला घासायची दिशा आडवी-उभी बदलायची, म्हणजे आधीच्या रेघा वेगळ्या उठून दिसतात. त्या दिसेनाशा झाल्यावर थांबायचं नाही. खालचा दुखावलेला थरही जावा म्हणून जवळपास तेवढाच वेळ आणखी घासायचं. नंबर बदलताना कव्हर, हात आणि पाण्याची बादली तिन्ही स्वच्छ. २२०चा एक कण हजारच्या पेपरखाली सापडला तर मागे जावं लागतं. आणि घासायचं ते ओलं, वॉटर पेपरने, पाण्यात भांड्याच्या साबणाचा थेंब टाकून. मऊ ॲल्युमिनिअम कोरड्या पेपरच्या कणांमध्ये चिकटून बसतं, मग ते गोळेच कव्हर ओरबाडतात.

इथवर सगळं नीट केलं तरी कव्हर चमच्यासारखं होईल असं नाही. इंजिनाची कव्हरं ओतीव असतात, आणि ओतीव ॲल्युमिनिअममध्ये बहुधा १० टक्क्यांच्या आगेमागे सिलिकॉन घातलेलं असतं. त्याने वितळलेला धातू साच्याच्या कानाकोपऱ्यात सहज पोचतो. पण सिलिकॉनचे कण भोवतालच्या ॲल्युमिनिअमपेक्षा खूपच कठीण. मऊ कापडी बफ जास्त वेळ चालवला की कणांभोवतीचा धातू खरवडला जातो, कण टेकडीसारखे उभे राहतात आणि चकाकीत धुरकटपणा येतो. म्हणून पेपरवर वेळ घालवावा, बफवर कमी. ओतकामातली ब्लो होलं, म्हणजे वायूच्या बुडबुड्यांची भोकंही असतात. एक भोक घालवायला खोल घासावं तर खालची आणखी दोन उघडी पडतात, कारण ओतीव भागाची बाहेरची कातडीच सगळ्यात घट्ट असते. अशा भोकाशी भांडू नये.

साफसफाईसाठी कॉस्टिक किंवा नळी मोकळी करायची पावडर वापरायचा सल्ला सर्रास मिळतो. तो मला धोकादायक वाटतो. कॉस्टिक म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, ते आधी संरक्षक ऑक्साइड विरघळवतं, मग धातूवर तुटून पडतं. फसफस दिसते ती ज्वालाग्राही हायड्रोजनची. सिलिकॉन आणि तांबं मात्र मागे उरतं आणि कव्हरवर काळा लेप बसतो. धुण्याचा सोडाही याच कुळातला, फक्त सौम्य. तेलकटपणा काढायला रॉकेल किंवा डिझेल, त्यावर साधा साबण, एवढं पुरतं.

धुळीबद्दल मात्र गंभीरपणे सांगायला हवं. ॲल्युमिनिअमची बारीक धूळ हवेत तरंगत असताना ठिणगी पडली तर स्फोट होतो. २ ऑगस्ट २०१४ रोजी चीनमधल्या कुन्शान इथे गाड्यांच्या चाकांना पॉलिश करणाऱ्या कारखान्यात हेच झालं. अखेरीस मृतांचा आकडा १४६ वर गेला. घरच्या पडवीत तेवढी धूळ होत नाही, आणि ओल्या घासण्यात तर ती हवेत उडतच नाही. पण बेंच ग्राइंडरच्या ज्या चाकावर लोखंड घासलं त्यावरच ॲल्युमिनिअम घासू नये. गंज आणि ॲल्युमिनिअमची भुकटी म्हणजे थर्माइट, रेल्वेचे रूळ जोडायला वापरतात तेच मिश्रण. बफ मारताना मास्क, चष्मा, आणि लोंबत्या बाह्या नकोत.

कव्हर उतरवूनच घासावं, आणि इंजिनाचं उघडं तोंड तोवर बंद ठेवावं. पेपरवरचे कण बेअरिंगपेक्षा कठीण असतात, तेलातून फिरले तर इंजिन आतून पॉलिश पेपरने घासल्यासारखं झिजतं. पॅकिंग (गॅस्केट) बसते त्या कडेला हातही लावू नये. तिथे चकाकी नको, सपाटी हवी.

झाल्यावर काय लावायचं? लॅकर, म्हणजे पारदर्शक वार्निश, पहिल्या वर्षी छान दिसतो. मग दगड लागून कुठेतरी टवका उडतो, ओल आत शिरते आणि लॅकरखाली पांढऱ्या दोऱ्यांसारखा गंज पसरत जातो. तो घालवायला सगळा लॅकर काढून पुन्हा पहिल्यापासून. ॲनोडायझिंग (विजेने ऑक्साइडचा थर जाड करणं) पत्र्यावर सुंदर होतं, पण सिलिकॉनवाल्या ओतीव कव्हरवर कण थरात अडकून राखाडी रंग येतो, म्हणजे मेहनत पाण्यात. त्यापेक्षा मेण बरं. रत्नागिरी-मालवणकडे मिठाचे क्लोराइड ऑक्साइडला भोकं पाडतात, तिथे आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने धुऊन, कोरडं पुसून मेणाचा हात द्यावा. पुण्या-नाशकाला महिन्याने दिला तरी चालेल.