दुभाष्याच्या वहीत काय असतं?

वक्ता सहा-सात मिनिटं बोलतो आणि थांबतो. मग शेजारी बसलेला दुभाषी तेच भाषण पहिल्या मुद्द्यापासून शेवटच्यापर्यंत दुसऱ्या भाषेत सांगतो. कानात यंत्र नाही, समोर छापील मजकूर नाही, हातात फक्त एक छोटी वही. याला कॉन्सिक्युटिव्ह इंटरप्रिटिंग म्हणतात. काचेच्या खोलीत बसून वक्त्याच्या जोडीनंच बोलत जाण्याची पद्धत नाझी नेत्यांवरच्या न्यूरेंबर्ग खटल्यात, म्हणजे १९४५ पासून, खऱ्या अर्थानं रुजली. त्याआधी १९१९ ची पॅरिस शांतता परिषद आणि पुढे जिनिव्हातल्या राष्ट्रसंघाच्या सभा मुख्यतः वक्त्यानंतर बोलणाऱ्या दुभाष्यांवरच चालल्या. त्यांतले आंद्रे कामिंकेर लांबलचक भाषणंही वहीशिवाय सांगत, अशी त्यांची ख्याती होती.

अशा कथांमुळे गैरसमज होतो की हे काम अचाट पाठांतराचं आहे. तसं असतं तर ते कुणालाच जमलं नसतं. सात मिनिटांत सहज सात-आठशे शब्द होतात, आणि मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवन यांच्या २००१ च्या मांडणीनुसार आपली कार्यकारी स्मृती, म्हणजे हातातल्या कामापुरती तात्पुरती आठवण, एका वेळी जेमतेम चार गोष्टी धरून ठेवते.

मग हे जमतं कसं? याचं उत्तर जॅकलिन सॅक्स यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात सापडतं. लोकांना एक उतारा ऐकवला आणि मध्येच थांबवून त्यातलं एखादं वाक्य पुन्हा ऐकवलं: हे आधी असंच होतं, की बदललंय? वाक्य नुकतंच कानावरून गेलेलं असेल, तर बारीकसा बदलही लोक ओळखत. मध्ये अर्ध्या मिनिटाएवढा मजकूर गेला, की कर्तरीचं कर्मणी केलेलंही कळेना. पण ‘त्यानं गॅलिलिओला पत्र पाठवलं’ याऐवजी ‘गॅलिलिओनं त्याला पत्र पाठवलं’ असं केलं, की बदल लगेच पकडला जाई. शब्दरचना मेंदू स्वतःहूनच टाकून देतो आणि अर्थ ठेवतो. दुभाष्याला नेमकं हेच हवं असतं. पॅरिसच्या दुभाषी आणि अभ्यासक दानित्सा सेलेस्कोविच यांनी तर आपला सगळा सिद्धान्तच यावर उभा केला: मूळ शब्द गळून पडले पाहिजेत, उरलेला आशय नव्या भाषेत नव्यानं बोलला पाहिजे.

म्हणून दुभाष्यांच्या चांगल्या वर्गात सुरुवातीला वहीला हात लावू देत नाहीत. दोन-तीन मिनिटांचं भाषण ऐकायचं आणि त्याच भाषेत परत सांगायचं. कोण काय म्हणतंय, कशामुळे, आणि मुद्दा कुठे वळला? हे बाळबोध वाटतं, म्हणून बरेच जण ते घाईनं उरकतात. पण आपण किती अर्धवट ऐकतो हे याच सरावात उघडं पडतं. भाषा बदलण्याची सबब तिथे चालत नाही.

वही लवकर हातात आली तर काय होतं, हे दुभाषेगिरीचे अभ्यासक डॅनियल जील यांनी नवशिक्यांवर तपासून पाहिलं. एका गटानं टिपणं घेतली, दुसऱ्यानं नुसतं ऐकलं. भाषणातली विशेषनामं टिपणं घेणाऱ्यांनाच कमी नीट ऐकू आली होती! ऐकणं, लक्षात ठेवणं आणि लिहिणं ही तिन्ही कामं एकाच लक्षातून वाटा मागतात. लिहिण्यानं जास्त घेतलं, की ऐकणं उपाशी राहतं.

तरी वही लागतेच. फक्त तिच्यात वाक्यं नसतात, मुद्द्यांचा सांगाडा असतो. दुभाषी जाँ-फ्रान्स्वा रोझाँ यांनी १९५६ मध्ये सांगितलेली तत्त्वं आजही शिकवली जातात. कल्पना लिहा, शब्द नको. ‘पण’, ‘म्हणून’, ‘तरीही’ हे सांधे हमखास टिपा, कारण ते निसटले तर युक्तिवादच उलटतो. पानावर आडवं लिहू नका; कर्ता, क्रियापद आणि कर्म पायरी-पायरीनं खाली उतरू द्या. नकार असेल तर काट मारा, जोर असेल तर अधोरेखा. खुणांची लांबलचक यादी पाठ करण्याचं वेड नवशिक्यांना फार असतं. रोझाँ स्वतः मात्र जेमतेम वीस खुणांवर थांबले होते.

आकडे, नावं आणि तारखा यांना मात्र वेगळा नियम. त्यांना लटकायला अर्थाची खुंटी नसते, म्हणून हातातलं अर्धं टिपण सोडून ते आधी लिहायचे. त्यात इंग्रजी आकडे मिलियनमध्ये, आपले लाख-कोटींत. ३७ मिलियन ऐकताना आहे तसंच टिपावं आणि तीन कोटी सत्तर लाख हे बोलताना करावं. ऐकतानाच हिशोब मांडलात तर पुढचं वाक्य गेलं.

घरी एकट्यानं सराव करायचा तर आपलं सांगणं ध्वनिमुद्रित करा आणि दुसऱ्या दिवशी मूळ भाषणासोबत ऐका. सुटलेले शब्द मोजत बसू नका. कुठला सांधा चुकला आणि कुठे वक्त्यानं न म्हटलेलं आपण म्हटलं, एवढंच शोधा. दुसऱ्या प्रकारची चूक जास्त घातक, कारण ती नेहमी अस्खलितपणे बोललेली असते आणि श्रोत्यांना तिचा संशयही येत नाही.