कोड लिहिला कुणी, कळला कुणाला?

१ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतला शेअर बाजार उघडला आणि पुढच्या पाऊण तासात नाइट कॅपिटल या दलाली कंपनीचे सुमारे ४४ कोटी डॉलर बुडाले. नवा कोड आठपैकी सात सर्व्हरवर चढवला होता, आठव्यावर राहून गेला. तिथे कित्येक वर्षं न वापरलेला जुना कोड तसाच पडून होता. नव्या कोडने जो फ्लॅग, म्हणजे कोडचा एखादा भाग चालू-बंद करणारी खूण, वापरायला घेतला, त्याच फ्लॅगने पूर्वी तो जुना कोड सुरू व्हायचा. झालं, आठवा सर्व्हर भरमसाट ऑर्डरी सोडत सुटला. त्याहून बोलका भाग पुढचा आहे. गडबड आवरायला अभियंत्यांनी बाकीच्या सात सर्व्हरवरून नवा कोड काढला, आणि मग तिथलाही जुना कोड जागा झाला.

हा सगळा कोड माणसांनीच लिहिलेला होता, हल्लीसारखा एआयने (कृत्रिम बुद्धिमत्तेने) नव्हे. डॅनिश संगणकशास्त्रज्ञ पीटर नाउर यांनी १९८५ मध्ये मांडलं होतं की, खरा प्रोग्राम तो करणाऱ्यांच्या डोक्यात असतो: हे असंच का केलं, इथे बदललं तर तिकडे काय होईल, याची जाण. ती माणसं पांगली की कोड चालत राहतो, पण तो सुरक्षितपणे बदलणं अवघड होऊन बसतं.

२०२२ पासून गिटहब कोपायलट आणि चॅटजीपीटीसारखी कोड लिहून देणारी एआय साधनं सर्रास हाताशी आली. शेकडो ओळी मिनिटभरात मिळतात, बऱ्याचदा त्या चालतातही. पण लिहिताना जी जाण आपोआप तयार व्हायची, ती आता वेगळा वेळ काढून, वाचून, तपासून मिळवावी लागते. आणि बाजारात त्या वेळेचे पैसे कुणी देत नाही.

अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजाराचं उदाहरण घेऊन दाखवलं, की गिऱ्हाइकाला दर्जा ओळखता येत नसेल तर चांगल्या मालाला चांगला भाव मिळत नाही आणि तो बाजारातून हटत जातो. सॉफ्टवेअर या बाबतीत गाडीपेक्षा जास्त बंदिस्त आहे. एक कंपनी प्रत्येक ओळ समजून घेऊन तीन महिन्यांनी अ‍ॅप आणते, दुसरी एआयचा कोड न वाचता महिन्यात. स्क्रीनवर दोन्ही सारखीच दिसतात. गिऱ्हाईक त्या दुसऱ्या कंपनीकडे जातं, आणि पहिलीलाही घाई करावी लागते.

बरं, एआयने किती वेळ वाचतो, याचा खरा हिशेब कोड करणाऱ्याला तरी कळतो का? मेटर या संस्थेने २०२५ मध्ये १६ अनुभवी प्रोग्रामरांना त्यांच्याच ओळखीच्या प्रकल्पांतली २४६ कामं दिली. एआय वापरायची मुभा होती तिथे १९ टक्के जास्त वेळ लागला. त्यांना स्वतःला मात्र २० टक्के वेळ वाचल्यासारखं वाटलं. प्रयोग लहान होता, साधनंही झपाट्याने बदलताहेत, त्यामुळे त्या १९ टक्क्यांवर मी फार भर देणार नाही. वाटणं आणि घड्याळ यांतली तफावत मात्र मला गंभीर वाटते.

त्याहून मोठी काळजी नवशिक्यांची. किरकोळ बग (कोडमधल्या चुका) सोडवणं, चाचण्या लिहिणं, ही त्यांची शिकायची कामं. नेमकी तीच एआयला सहज जमतात. नवशिक्याला घडवायचा खर्च एक कंपनी करते आणि तो तयार झाला की दुसरी त्याला उचलते. त्यामुळे नवी भरती थांबवणं प्रत्येकीला आपापल्या जागी शहाणपणाचं वाटतं. सगळ्यांनीच तसं केलं, तर एआयच्या कोडमधली चूक हेरणारे जाणकार दहा वर्षांनी येणार कुठून?

चढाओढ थांबणार नाही, तेव्हा तिचे नियम बदलायला हवेत. युरोपीय संघाने २०२४ मध्ये सदोष उत्पादनांच्या जबाबदारीच्या कायद्यात सॉफ्टवेअर आणि एआय स्पष्टपणे आणले. सदस्य देशांना तो ९ डिसेंबर २०२६ पर्यंत लागू करायचा आहे. सदोष सॉफ्टवेअरमुळे कुणाला इजा झाली किंवा कुणाचा खासगी डेटा नष्ट झाला, तर उत्पादकाकडे भरपाई मागता येईल. न वाचता पुढे ढकललेल्या कोडची किंमत त्यामुळे थोडीफार तरी ताळेबंदात दिसू लागेल. नाइट कॅपिटलसारखं निव्वळ आर्थिक नुकसान मात्र अजूनही त्या कायद्याबाहेरच आहे.