धूमकेतू: बर्फ कमी, धूळ जास्त

जुलै २०२५ मध्ये ३आय/अ‍ॅटलस हा सूर्यमालेबाहेरून आलेला धूमकेतू सापडला आणि ते परग्रहवासीयांचं यान असल्याचे मेसेज फिरू लागले. त्यातून पाण्याच्या वाफेपेक्षा कितीतरी जास्त कार्बन डायऑक्साइड निघत होता, हे खरं. ते प्रमाण असाधारण आहे, पण पदार्थ जुनाच: गोठलेला कार्बन डायऑक्साइड आपल्या धूमकेतूंमध्येही असतो. १९१० मध्ये हॅले धूमकेतूच्या शेपटीत सायनोजेन हा विषारी वायू सापडला, तेव्हाही लोक त्याच्या भीतीने औषधाच्या गोळ्या विकत घेत होते. शेपटी इतकी विरळ असते की त्यातून पृथ्वीवर कुणाला काहीही होणं शक्य नव्हतं.

शाळेत आपण धूमकेतू म्हणजे 'बर्फाचा मळका गोळा' असं शिकतो. पाण्याचा बर्फ, कार्बन मोनॉक्साइड, डायऑक्साइड, थोडा अमोनिया, मिथेनॉल हे सगळं त्यात असतंच. पण रोझेटा यानाने २०१४ ते २०१६ या काळात ६७पी/चुर्युमोव-गेरासिमेंको हा धूमकेतू जवळून पाहिला, तेव्हा बहुतेक मोजमापांत वजनाने धूळच बर्फाहून जास्त भरली. ही धूळ म्हणजे सिलिकेट खनिजं आणि कार्बनी संयुगं. पृष्ठभाग कोळशासारखा काळा, प्रकाश जेमतेम ६ टक्के परत फिरवणारा. घनता पाण्याच्या जवळपास निम्मी, कारण ७० टक्क्यांहून जास्त भाग पोकळ.

खरी गंमत या काळ्या सालीत आहे. ६.१ मिलिबारपेक्षा कमी दाबाखाली शुद्ध पाणी द्रवरूपात टिकत नाही. धूमकेतूवर दाब याहून कितीतरी कमी असतो, त्यामुळे तिथला बर्फ वितळत नाही, त्याची थेट वाफ होते. याला संप्लवन म्हणतात. एक किलो बर्फाला त्यासाठी सुमारे २८ लाख ज्यूल लागतात. पृथ्वीइतक्या अंतरावर सूर्यासमोरच्या एका चौरस मीटरवर १३६१ वॅट पडतात. ते सगळे बर्फालाच मिळाले, तर तासाला १.७ किलो बर्फ उडेल. ही वरची मर्यादा झाली. प्रत्यक्षात ६७पीने २०१५ च्या सूर्याजवळच्या फेरीत आपल्या वस्तुमानाचा फक्त सुमारे ०.१ टक्का गमावला.

एवढा कमी का? वायू निघताना बारीक धूळ सोबत नेतो. जाड कण मागे राहतात किंवा उडून पुन्हा खाली पडतात आणि थर साचतो. हा भुसभुशीत थर उष्णता फार कमी वाहून नेतो. दिवसभराचं ऊन काही सेंटिमीटरच खाली पोचतं. उघडा बर्फ संप्लवनामुळे स्वतःलाच थंड ठेवतो, कोरडी धूळ मात्र तापते. म्हणूनच १९८६ मध्ये व्हेगा-१ यानाला हॅलेचा पृष्ठभाग २७ अंश सेल्सिअसहून गरम आढळला.

साल फुटली की चित्र पालटतं. १० जुलै २०१५ ला ६७पीवरचा 'अस्वान' नावाचा कडा कोसळला. कडा १३४ मीटर उंच, पडलेला ढिगारा सुमारे २२ हजार घनमीटर. आतला बर्फ सभोवतालापेक्षा सहापट उजळ दिसला. पुढच्या वर्षभरात ती चमक बरीच ओसरली, कारण उघडा पडलेला बर्फ उडत गेला.