इगतपुरीचा लांबलेला थांबा

नाशिकरोडवरून धावलेल्या पॅसेंजर गाड्यांची जुनी वेळापत्रकं जमवायला बसलं की पहिली अडचण घड्याळाची येते. आजची भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासूनची. त्याआधी रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालायची आणि ती आजच्या वेळेच्या सुमारे ९ मिनिटं मागे होती. मुंबईची स्थानिक वेळ आणखी अर्धा तास मागे. नाशिकच्या रेखांशावरून हिशेब केला, तर सूर्य बघून वेळ ठरवणारा पंचवटीतला माणूस आणि स्टेशनातलं घड्याळ यांच्यात साधारण २६ मिनिटांचा फरक पडायचा. पुस्तकात ६ वाजता सुटणारी गाडी त्याच्या लेखी साडेपाचलाच निघून जायची.

हा घोळ केवळ खेड्यापाड्यांतला नव्हता. १८८१ मध्ये मुंबईच्या सरकारी कचेऱ्यांना मद्रासची वेळ लावून पाहिली, विरोध झाला, आणि पुढे तो बेत सोडावा लागला. प्रमाणवेळ आल्यावरही मुंबई महापालिकेने आपली वेळ १९५५ पर्यंत धरून ठेवली. त्यामुळे १९०६ च्या अलीकडची आणि पलीकडची दोन वेळापत्रकं शेजारी ठेवून ‘गाडी उशिरा सुटायला लागली’ असं म्हणण्याआधी जुन्या वेळेत ती ९ मिनिटं मिळवून घ्यावीत. हौशी संग्राहकांत हे बरेच जण विसरतात.

दुसरी गोष्ट म्हणजे गावापासून लांब असलेलं स्टेशन. नाशिकरोड जुन्या नाशिकपासून आठ-नऊ किलोमीटरवर. हे अंतर तोडायला १८८९ च्या सुमारास मेनरोडपासून स्टेशनापर्यंत घोड्यांची ट्राम सुरू झाली. १९३० नंतरच्या दोन-तीन वर्षांत ती बंद पडली. छापील वेळेत हा प्रवास कुठेच नसतो, नाशिककराचा दिवस मात्र त्याच्यापासूनच सुरू व्हायचा.

पण खरी गंमत कसारा आणि इगतपुरी यांच्या रकान्यांत आहे. थळ घाटातली लाइन १ जानेवारी १८६५ ला खुली झाली. चढ ३७ फुटांना १ फूट. गाडीच्या इंजिनाच्या एकट्याच्या जोरावर तो चढत नाही, म्हणून कसाऱ्याला मागून ढकलणारी बँकर इंजिनं लावायची आणि इगतपुरीला काढायची. तेवढी मिनिटं दोन्हीकडे जायचीच. वाफेच्या काळात इगतपुरीला इंजिनाला पाणी लागे. १९३० पर्यंत मुंबईकडून इगतपुरीपर्यंत वीज आली, पण पुढे कोळसाच. म्हणजे प्रत्येक गाडीचं इंजिन इथे बदलायचं. १९६० च्या दशकाच्या अखेरीस भुसावळकडेही वीज आली, तीही वेगळ्या प्रकारची: मुंबईकडे १५०० व्होल्ट डीसी, इकडे २५,००० व्होल्ट एसी. म्हणून इंजिन बदलणं काही थांबलं नाही. पुढे दोन्ही विजांवर चालणारी इंजिनं आली, मग सगळीकडेच एसी झालं, आणि हा थांबा आक्रसला. वडापाव घ्यायला उतरलेल्या लोकांना त्या मिनिटांमागचं कारण कधी कुणी सांगितलं नसेल, पण रकाना ते सांगतो.

पॅसेंजरच्या वेळा मेलच्या वेळांखेरीज समजत नाहीत. १ जून १९१२ ला सुरू झालेली पंजाब मेल काय, हावडा मेल काय, त्या मागून येत असल्या की पॅसेंजरने बाजूच्या लाइनवर उभं राहायचं. ओढा, खेरवाडी, कसबे सुकेणे, निफाड, उगाव, लासलगाव, समिट, मनमाड या ओळीत एखाद्याच ठिकाणी दहा-पंधरा मिनिटं दिसली, तर ते गावाचं महत्त्व असेलच असं नाही. मागे मेल आहे का, ते आधी बघावं. मनमाडचं निराळं. तिथे निजामाच्या मुलखाकडून येणारी मीटरगेज भेटायची, दौंडची लाइनही मिळायची, तेव्हा तिथला मुक्काम जोडगाडीसाठीही असू शकतो.

१९७० च्या दशकात पंचवटी एक्सप्रेस आली आणि नाशिककराच्या डोक्यातलं वेळापत्रक तिच्याभोवती फिरू लागलं. सकाळी मुंबई, रात्री घरी. पासधारकांनी पंचवटीच्या दोन-पाच मिनिटांसाठी भांडणं केली. पॅसेंजरच्या अर्ध्या तासासाठी फारसं कुणी बोललं नाही. तिचे प्रवासी शेतकरी, विद्यार्थी, बाजारकरी. जुनी पॅसेंजरची पानं कमी सापडतात, याचं मला म्हणूनच नवल वाटत नाही.

अलीकडची पानंही टाकू नयेत. डिसेंबर २०१० मध्ये गाड्यांचे क्रमांक पाच आकडी झाले आणि पॅसेंजरला सुरुवातीचा ५ मिळाला. मार्च २०२० मध्ये सगळ्याच प्रवासी गाड्या थांबल्या. परतताना अनेक पॅसेंजर ‘स्पेशल’ होऊन आल्या, क्रमांकात पुढे शून्य, आणि १० रुपयांचं किमान तिकीट ३० रुपयांवर. ते जुनं भाडं परत यायला २०२४ चा फेब्रुवारी उजाडला. या मधल्या काळातल्या वेळा प्रसिद्धिपत्रकांतून जाहीर व्हायच्या आणि बदलायच्या. ती सुटी पत्रकं तारीख लिहून आत्ताच ठेवावीत, कारण १९३० चं पुस्तक एखाद्या ग्रंथालयात सापडेल, २०२१ चं पत्रक मात्र कुणी बांधून ठेवलेलं नसेल.