जासूद वेगळा, हेर वेगळा: सिग्नल्स आणि गुप्तवार्ता

मे 2025 मध्ये 'ऑपरेशन सिंदूर'ची माहिती द्यायला कर्नल सोफिया कुरेशी पत्रकारांसमोर आल्या. त्या 'कोअर ऑफ सिग्नल्स'च्या अधिकारी आहेत, हे त्या दिवशी सगळीकडे छापून आलं. आमच्या कट्ट्यावर लगेच निकाल लागला: "म्हणजे मिलिटरी इंटेलिजन्सच्या!" तसं नाही. सिग्नल्स, म्हणजे लष्कराचं संदेशवहन, हे एक खातं; गुप्तवार्ता, म्हणजे शत्रूची बातमी काढणं, हे दुसरं. दोन्हींचा गणवेश एकच, पण धंदा वेगळा.

खरं तर या घोळाला आपली भाषाही थोडी जबाबदार आहे. मराठेशाहीच्या पत्रांतला जासूद हा मुख्यतः पत्र पोचवणारा. 'जासूदजोडी रवाना केली' म्हणजे दोघा निरोप्यांना बरोबरीने धाडलं. पण पल्ला मारून आलेल्या माणसाला वाटेत काय दिसलं हेही विचारलं जाणारच. म्हणून जुन्या कोशांत जासुदाचे अर्थ दोन सापडतात, पत्रवाहक आणि हेर. पुढे हिंदीतला 'जासूस' कानावर आदळत राहिला आणि पत्रवाहक विसरलाच गेला. आधुनिक सैन्याने मात्र हे दोघे नीट वेगळे केले.

सिग्नल्स म्हणजे जासूद. या कोअरची स्थापना 15 फेब्रुवारी 1911 ची. त्याआधी हे काम सॅपर्सकडे, म्हणजे लष्करी इंजिनिअरांकडे होतं. रेडिओ, केबल, ऑप्टिकल फायबर, उपग्रह, कॉम्प्युटर नेटवर्क हा सगळा संसार त्यांचा. डिव्हिजनच्या कमांडरने काढलेला हुकूम खालच्या ब्रिगेडपर्यंत वेळेत, जसाच्या तसा आणि शत्रूला न कळता पोचला पाहिजे. त्या हुकुमात काय लिहिलंय, ते शहाणपणाचं आहे की नाही, हा त्यांचा प्रश्न नाही.

इथल्या अधिकाऱ्याची वाट बरीच सरळ असते. खडकवासल्याची एनडीए, मग डेहराडूनची लष्करी अकादमी, अंगावर स्टार लागले की महूचं मिलिटरी कॉलेज ऑफ टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंग. पुढे सिग्नल रेजिमेंट, कधी मुख्यालयात स्टाफवर, कधी परत महूला शिकायला किंवा शिकवायला. जवानांची प्रशिक्षण केंद्रं जबलपूर आणि गोव्यात. पणजीत फिरताना सिग्नल्सच्या पाट्या दिसतात त्या यामुळे. शिडीच्या टोकाला 'सिग्नल ऑफिसर-इन-चीफ' हे लेफ्टनंट जनरलचं पद आणि त्या खुर्चीवर सिग्नल्सचाच माणूस.

गुप्तवार्तेची शिडी अशी एकसंध नाही. इंटेलिजन्स कोअर 1942 ची आणि तिची प्रशिक्षण शाळा आपल्या पुण्यात. पण लष्करी गुप्तवार्ता म्हणजे केवळ ही कोअर नव्हे. प्रत्येक पायदळ बटालियनमध्ये एक 'इंटेलिजन्स ऑफिसर' असतो, तो त्या बटालियनचाच तरुण अधिकारी. आणि लष्करी गुप्तवार्तेचे महासंचालक अनेकदा पायदळातून किंवा रणगाडा दलातून आलेले असतात. मला ही रचना जरा विचित्र वाटते, पण तिच्यामागे तर्क आहे: बातमीचा अर्थ लावणाऱ्याला लढाई कशी चालते ते अंगावरून गेलेलं असावं. एक तुकडी हलली, एक पूल दुरुस्त झाला, एका खेड्यातून अचानक खेचरं भाड्याने घेतली गेली. या तुकड्यांचं चित्र जुळवणं हे त्यांचं काम.

ब्रीदवाक्यं पाहिली तर गोंधळ वाढेलच. सिग्नल्सचं 'तीव्र चौकस', इंटेलिजन्स कोअरचं 'सदा सतर्क'. ज्याने ठरवली त्याला नमस्कार.

दोघांची हद्द खरोखर मिसळते ती शत्रूचा रेडिओ ऐकण्यात. इलेक्ट्रॉनिक युद्धाच्या तुकड्या सिग्नल्सच्या. लहरी पकडणं, प्रक्षेपण कुठून होतंय त्याची दिशा काढणं, गरज पडली तर ते जॅम करणं हे त्यांचं. ऐकलेल्याचा अर्थ काय, हे मात्र गुप्तवार्तेचं. यालाच 'सिग्नल्स इंटेलिजन्स' म्हणतात आणि हे जोडनावच निम्म्या गैरसमजाचं मूळ आहे. त्यातून ऐकणारं दर वेळी लष्करच असतं असंही नाही. मे 1999 मध्ये, कारगिलच्या वेळी, बीजिंगला गेलेले पाकिस्तानी लष्करप्रमुख मुशर्रफ आणि रावळपिंडीतले त्यांचे सहकारी लेफ्टनंट जनरल अझीझ यांचं फोनवरचं बोलणं पकडलं गेलं, ते 'रॉ'ने, म्हणजे परदेशातली बातमी काढणाऱ्या आपल्या गुप्तचर संस्थेने.

फरक नीट कळतो तो एखाद्या चुकीतून. 7 डिसेंबर 1941, वॉशिंग्टन. जपानी राजदूताला दुपारी ठीक एक वाजता निवेदन द्यायला सांगणारा, पकडलेला संदेश अमेरिकन लष्करी गुप्तवार्तेचे कर्नल ब्रॅटन यांच्या हाती सकाळीच होता. काहीतरी भयंकर घडणार हे त्यांनी ओळखलं. लष्करप्रमुख जनरल मार्शल यांनी इशारा लिहिला. पण त्या सकाळी हवाई बेटांशी लष्कराचा रेडिओ लागेना, म्हणून तो खाजगी तार कंपनीकडून गेला आणि तिथल्या पर्ल हार्बरवर बॉम्ब पडून गेल्यावर पोचला. इथे वाचणाऱ्याने वाचलं होतं, कमी पडला तो जासूद.

कारगिलचं उलटं. 2 जून 1998 रोजी गुप्तचर विभागाच्या, म्हणजे आयबीच्या संचालकांनी पाकव्याप्त भागातल्या हालचालींबद्दल स्वतःच्या सहीने पत्र पाठवलं. पंतप्रधान, गृहमंत्री, कॅबिनेट सचिव, गृहसचिव, लष्करी कारवायांचे महासंचालक, सगळ्यांना मिळालं. तारा शाबूत, टपाल चोख. पण कारगिल पुनरावलोकन समितीने दाखवून दिलं की 'रॉ'चे सचिव, संयुक्त गुप्तवार्ता समितीचे अध्यक्ष आणि लष्करी गुप्तवार्तेचे महासंचालक ही तीन नावं यादीत नव्हतीच. बातमीचा ताळा ज्यांनी करायचा, नेमके तेच वगळलेले!

ही चूक ना सिग्नल्सची, ना अर्थ लावणाऱ्याची. 'ज्याला गरज त्यालाच सांगा' हा गुप्ततेचा जुना नियम, आणि गरज कोणाला आहे हे ठरवणार माहिती हातात असलेला. त्यावर उतारा म्हणून कारगिलनंतर वेगवेगळ्या यंत्रणांनी बातमी एकमेकांना द्यावी यासाठी आयबीच्या छत्राखाली मल्टी एजन्सी सेंटर आलं, मार्च 2002 मध्ये तिन्ही दलांची मिळून संरक्षण गुप्तवार्ता संस्था, अर्थात डीआयए उभी राहिली. 26/11 नंतर, 2008 च्या अखेरीस, मल्टी एजन्सी सेंटर चोवीस तास चालू ठेवण्याची व्यवस्था झाली. सिग्नल्स इंटेलिजन्सचं संचालनालय आणि उपग्रहचित्रं वाचणारं केंद्र, दोन्ही आता डीआयएच्या हाताखाली आहेत. तिथे लहरी पकडणारा आणि त्यांचा अर्थ लावणारा एकाच संस्थेला उत्तरं देतात. तिथून निघणाऱ्या कागदावर 'प्रत रवाना' खाली कोणाची नावं घालायची, हे मात्र आजही माणूसच ठरवतो.