राउटरला अख्खी वाट ठाऊक नसते

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला टॉवेल कारखानदार नव्या नमुन्याचा फोटो मुंबईच्या गिऱ्हाइकाला पाठवतो. तो फोटो एकसंध जात नाही. फार तर दीड हजार बाइटची एकेक पॅकेटं पाडून जातो. वाटेतला प्रत्येक राउटर पॅकेटवरचा पत्ता वाचतो, आपल्या तक्त्यात बघतो आणि पुढच्या राउटरच्या हवाली करतो. होटगी जंक्शनला गाडी वाडीच्या रुळावर घ्यायची की विजयपूरच्या, एवढंच ठरतं. पुढचं पुढच्या स्टेशनांनी बघायचं. तसंच हे.

राउटरवर एवढंच काम ठेवायचं, हे ठरवून झालं. इंटरनेट एवढं पसरलं ते त्यामुळेच, असं मला ठामपणे वाटतं.

टेलिफोनवर बोलणं संपेपर्यंत दोन टोकांमधली लाइन अडकून पडायची. १९६० च्या दशकात अमेरिकेत पॉल बॅरन यांना हल्ल्यातही तगणारं जाळं हवं होतं, ब्रिटनमध्ये डोनाल्ड डेव्हिस यांना एक लाइन अनेकांनी वाटून वापरायला हवी होती. दोघांनी स्वतंत्रपणे एकच तोड काढली: संदेशाचे तुकडे पाडा. ‘पॅकेट’ हे नाव डेव्हिस यांचं. १९६९ च्या ऑगस्टअखेरीस लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात आर्पानेटचं, म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशातून उभ्या राहिलेल्या संगणकजाळ्याचं, पहिलं आयएमपी यंत्र बसलं. पॅकेटं पुढे धाडणं हे त्याचं काम. राउटरचा पूर्वज तो हाच.

मात्र आर्पानेट हे एकच जाळं होतं आणि पॅकेट बिनचूक पोचवायची जबाबदारी या यंत्रांवरच होती. फ्रान्सच्या लुई पूझँ यांनी सिक्लाद जाळ्यात ती काढून घेतली. जाळ्याने फक्त पुढे धाडायचं. हरवलं तर टोकाच्या संगणकांनी पुन्हा पाठवायचं. माझ्या मते या इतिहासातलं खरं वळण हेच. १९७४ मध्ये व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी वेगवेगळी जाळी जोडण्याची पद्धत मांडली, तिच्यात हा विचार उतरला. १ जानेवारी १९८३ रोजी आर्पानेट त्या पद्धतीवर आलं.

पुढे कंपन्यांची जाळी एकमेकांना आपले मार्ग सांगू लागली. त्यासाठीच्या बीजीपी नियमांचा पहिला आराखडा १९८९ मध्ये दोन अभियंत्यांनी जेवताना कागदी नॅपकिनवर मांडला. तेच नियम, सुधारून, आजही चालतात. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ ला. देशातल्या देशातलं पॅकेट परदेशात फिरून येऊ नये म्हणून २००३ मध्ये निक्सी ही संस्था निघाली.

घरच्या संगणकावर ट्रेसरूट नावाचा छोटा प्रोग्रॅम चालवून हा प्रवास बघता येतो. प्रत्येक पॅकेटवर एक आकडा असतो आणि प्रत्येक राउटर तो एकाने कमी करतो. शून्य झाला की पॅकेट टाकून देतो आणि पाठवणाऱ्याला तसं कळवतो. ट्रेसरूट आधी १, मग २, मग ३ असा आकडा घालून पाठवत जातं, म्हणून एकेका राउटरचा पत्ता हाती येतो. पहिल्या ओळीत बहुधा आपलाच वायफाय राउटर दिसतो. मध्येच नुसत्या तारका आल्या आणि पुढच्या ओळी नीट उमटल्या, तर लाइन तुटलेली नाही. त्या राउटरने उत्तर दिलं नाही इतकंच. पॅकेटं पुढे जातच असतात.